डोळ्यात जातो तो धूर, वर साचतो तो वायू

भरिताची वांगी गॅसवर भाजायची नसतात, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचायच्या, त्यावर हिरवट पांढरी वांगी टाकायची, आणि जाळ लागला की वाऱ्याची दिशा बघून बसायचं. गेल्या हिवाळ्यात भुसावळजवळच्या आमच्या शेतात मी चुकीच्या बाजूला बसलो होतो. आप्पाही माझ्याच बाजूला होते. उपरण्याने डोळे पुसत ते म्हणाले, "तू केमिस्ट्री शिकवतो ना रे? मग हाच का तो धूर, ज्यानं पृथ्वी तापते?"

मी तोंड उघडायच्या आत धाकट्या चुलतभावाने दीपनगरकडे बोट दाखवलं. "हा नाही आप्पा, तो बघा. केवढा पांढरा लोट निघतोय."

दोघांचंही उत्तर चुकलं होतं. पण अशी चूक मला वर्गात, व्हॉट्सॲपवर आणि कधीकधी बातम्यांतही दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तो पांढरा लोट. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कमरेत बारीक असलेले जे बुटके, रुंद मनोरे दिसतात, ते कूलिंग टॉवर. त्यातून निघते ती पाण्याची वाफ. आपल्याला दिसतात ते थंड होऊन जमलेले तिचे थेंब, चहाच्या पातेल्यावर दिसतात तसेच. कोळशाचा वायू बाहेर पडतो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून, आणि तिच्या तोंडाशी पुष्कळदा काही दिसतच नाही. राख वाटेतच पकडलेली असते. विजेचा भार दिलेल्या पट्ट्यांना ती चिकटते आणि पुढे विटांच्या नाहीतर सिमेंटच्या कारखान्यात जाते. उरलेल्यात बराचसा नायट्रोजन आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. फोटो काढायला गेलात तर वाफेचाच निघेल, आणि छापलाही तोच जातो.

आता पऱ्हाटीचा धूर. लाकूड पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढंच उरायला हवं. शेतातल्या ढिगात ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, काडी आतून ओलसर असते, म्हणून जळणं अर्धवट राहतं. त्या अर्धवटपणाचं नाव धूर. त्यात काजळी, डांबरासारख्या पदार्थांचे सूक्ष्म थेंब आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. यातले जे कण 2.5 मायक्रोमीटरपेक्षा लहान, ते पीएम 2.5. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. भारताच्या मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 15 सांगितली. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की धूर वर जात नाही, गावावर गोधडीसारखा पसरून राहतो. पण हे कण काही दिवसांत खाली बसतात, एखाद्या पावसाने धुऊन जातात. धूर ज्या गावाचा, त्रास मुख्यतः त्या गावाला आणि आसपासच्यांना.

कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. दीपनगरचा असो की ह्यूस्टनचा, वर्ष-दोन वर्षांत तो साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो, आणि त्यातला काही भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो. म्हणून तो हवाईतल्या मौना लोआ नावाच्या डोंगरावर मोजला तरी आपल्याला लागू पडतो. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये तिथे मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाख रेणूंत सुमारे 315 रेणू कार्बन डायऑक्साइडचे होते. कारखान्यांच्या युगाआधी ते 280 च्या आसपास होते. आता 420 च्या पुढे गेलेत.

यावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो: हवेत हा वायू फक्त 0.04 टक्के, तो काय पृथ्वी तापवणार? आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. कोरड्या हवेतला 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू. ते जवळ-लांब होत थरथरले तरी विद्युतभार इकडचा तिकडे होत नाही, म्हणून जमिनीतून निघणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरणं, त्यांच्यातून आरपार जातात. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत तीन अणू. तो मधोमध वाकू शकतो, आणि वाकताना 15 मायक्रोमीटरच्या आसपासची किरणं शोषतो. जमीन नेमकी त्याच पट्ट्यात भरपूर उष्णता बाहेर टाकत असते. गर्दीतल्या 99 लोकांनी दार अडवलेलंच नसेल, तर त्यांची संख्या मोजून काय करायचं? हे काही कालचं शास्त्र नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी 1856 मध्ये काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली होती.

आप्पांनी मात्र मला पकडलं. "मग वाफेच्या रेणूतही तीन अणू ना? एचटूओ." अगदी बरोबर. वाफ हाही हरितगृह वायूच, म्हणजे जमिनीची उष्णता अडवणारा, आणि प्रमाणाने सगळ्यात मोठा. पण हवेत वाफ किती मावेल ते तापमान ठरवतं. जास्तीची वाफ दहाएक दिवसांत पाऊस होऊन खाली येते. त्यामुळे कूलिंग टॉवरने कितीही वाफ सोडली तरी ती साठत जात नाही. कार्बन डायऑक्साइड साठतो, हवा थोडी तापवतो, मग तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते आणि आणखी तापते.

आता दोन्ही जाळ शेजारी ठेवू. पऱ्हाटीतला कार्बन कपाशीने जूनपासून याच हवेतून घेतलेला होता. जाळल्यावर तो परत गेला. वर्षाचा हिशोब वर्षात मिटला. कोळशातला कार्बन 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांनी जमिनीत पुरलेला. तो बाहेर काढला की हवेच्या खात्यावर नवीन भर पडते. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण 0.9 ते 1 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर सुमारे 450 ते 500 टन. म्हणजे जो जाळ डोळ्यातून पाणी काढतो तो हवामानाच्या हिशोबात हलका, आणि ज्या चिमणीकडे बघून काहीच वाटत नाही ती भारी. (आप्पा पूर्ण चुकले नव्हते: काजळी ऊन शोषते आणि हवेत असेपर्यंत तापवते. पण ती आठवड्याभराची पाहुणी.)

हा घोळ आपल्या मोजमापातही सापडतो. मोबाइलवर जो हवा गुणवत्ता निर्देशांक बघतो, त्यात आठ प्रदूषकं धरतात: पीएम 10, पीएम 2.5, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसं. कार्बन डायऑक्साइड त्यात नाहीच. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जळगावचं नाव आहे, ते धुळीच्या कणांमुळे. उद्या जळगावचा आकडा हिरवा झाला तरी मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांशी त्याचा संबंध लावू नका.

पीयूसीचंही तेच. पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या गाडीत धुराचा दाटपणा. गाडीखालच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, ते विषारी मोनॉक्साइडला ऑक्सिजन जोडून डायऑक्साइड करून टाकतं. नाकासाठी उत्तम काम. पण एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघायचाच, पीयूसी ताजी असो नाहीतर संपलेली.

चिमणीतला सल्फर डायऑक्साइड धुवायची रीत तर आणखी बोलकी. चुनखडीच्या पाण्यात तो वायू घोळवला की जिप्सम तयार होतं, आणि चुनखडीतून थोडा कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. एक मळ धुताना दुसरा निघाला. तरी धुवावं, कारण सल्फर दमेकऱ्याला आज छळतो.

सगळ्यात सुबक जोडी मात्र युरियाच्या गोणीत आहे. केळीला युरिया टाकून दुपारी बागेत गेलात तर नाकाला झोंबतो तो अमोनिया, निर्देशांकातला. त्याच युरियातला थोडा नायट्रोजन जमिनीतल्या जिवाणूंच्या हातून नायट्रस ऑक्साइड होतो. तो झोंबत नाही, दिसत नाही, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने किलोमागे कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळपास 270 पट तापवतो. शेतकऱ्याच्या बाजूने बोलायचं तर दोन्ही म्हणजे खिशातला पैसा हवेत. इथे एकच उपाय दोघांवर चालतो: युरिया हप्त्याहप्त्याने, ठिबकमधून, पिकाला लागेल तेवढाच.

पऱ्हाटीला असा उपाय आहे का, हे आप्पांनी विचारलंच. जाळण्यामागे त्यांचं कारण होतं. गुलाबी बोंडअळी वाळक्या बोंडांत दडून बसते, बांधावर ढीग रचून ठेवला तर पुढच्या हंगामात तीच त्रास देते. मी म्हटलं, श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा, नाहीतर पेलेटवाल्याला, म्हणजे काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्याला, द्या. केंद्र सरकारच्या धोरणानुसार कोळशाच्या वीज केंद्रांनी ठरावीक टक्का जैविक पेलेट जाळायचे आहेत. तिथे जाळ पूर्ण लागतो, राख पट्ट्यांवर अडते, आणि तेवढा कोळसा जमिनीत राहतो.

"म्हणजे माझी पऱ्हाटी त्याच चिमणीतून जाणार," आप्पा म्हणाले.

"हो. पण डोळ्यात नाही जाणार."

त्यांनी काठीने वांगं उलटवलं, साल फुटून रस जाळावर चरचरला. "दोन भारे बाजूला ठेवायचे मात्र," म्हणाले, "भरितापुरते."