जतन आणि जीर्णोद्धार : तीन हॅलिफॅक्स विमानांच्या निमित्ताने

जुनी विमाने पुन्हा उभी करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहिताना ‘जतन’ आणि ‘जीर्णोद्धार’ हे शब्द एकाच अर्थाचे समजून वापरण्याची सवय आपल्याला लागली आहे. एरवीही किल्ल्याच्या तटाला सिमेंटचा गिलावा झाला तरी बातमीत ‘संवर्धन’ असेच छापून येते, त्यामुळे विमानांच्या बाबतीत कोणी काटेकोर राहिले नाही तर नवल नाही. मात्र हँगरमध्ये प्रत्यक्ष हात काळे करणाऱ्यांच्या दृष्टीने ही दोन कामे वेगळी आहेत, आणि काही प्रसंगी तर एक केले की दुसरे कायमचे अशक्य होते.

जतन म्हणजे वस्तू ज्या अवस्थेत हाती आली त्याच अवस्थेत तिची झीज शक्य तितकी थांबवणे. जीर्णोद्धार म्हणजे वस्तूच्या आयुष्यातला एक ठरावीक काळ निवडून तिला त्या काळच्या रूपाकडे परत नेणे. पहिल्या कामात मूळ धातू, मूळ रंग आणि त्यांच्यावरच्या जखमासुद्धा राखायच्या असतात. दुसऱ्यात विमानाचे मूळ रूप राखायचे असते आणि त्यासाठी काही मूळ द्रव्य काढून टाकण्याची तयारी ठेवावी लागते.

हा फरक हॅलिफॅक्स या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाइतका स्वच्छ क्वचितच कुठे दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चार इंजिनांची ही विमाने सहा हजारांहून अधिक बांधली गेली, युद्धानंतर ती भंगारात निघाली, आणि आज संग्रहालयात उभी असलेली हॅलिफॅक्स तीनच आहेत. त्यांपैकी दोन नॉर्वेतल्या तळ्यांतून वर काढलेली आहेत, आणि वर काढल्यानंतर त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या.

पहिले डब्ल्यू १०४८ या क्रमांकाचे, लंडनमधल्या हेंडन येथील रॉयल एअर फोर्स म्यूझियममधले. एप्रिल १९४२ मध्ये ट्रॉनहेमजवळच्या खाडीत लपलेल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करताना त्याला विमानवेधी तोफांचा मारा बसला आणि वैमानिक डॉन मॅकिन्टायर यांनी ते होकलिंगेन या गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरवले. विमानातले बहुतेक जण चालत स्वीडनला पोहोचले. पायाला दुखापत झालेला फ्लाइट इंजिनियर मात्र जर्मनांच्या हाती लागला. पुढे बर्फ फुटून विमान तळ्याच्या तळाशी गेले आणि १९७३ मध्ये गोताखोरांनी ते वर आणले. ते पूर्वीसारखे करावे असा विचार सुरुवातीला होता, कामालाही हात घातला गेला होता. नंतर मात्र ते जसे सापडले तसेच मांडायचे ठरले. आज ते चुरगळलेल्या पत्र्यांसह आणि उडालेल्या काळ्या रंगासह तिथे आहे.

दुसरे एनए ३३७. नॉर्वेतल्या प्रतिकार चळवळीसाठी रसद टाकायला आलेले हे विमान एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे युरोपातले युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, पाडले गेले आणि म्योसा तळ्यात दोनशे मीटरहून अधिक खोल बुडाले. सहा जणांपैकी फक्त शेपटाकडचा तोफची वाचला. १९९५ मध्ये ते वर काढून कॅनडातल्या ट्रेंटन येथे नेले गेले. तिथे प्रामुख्याने स्वयंसेवकांनी सुमारे दहा वर्षे खपून त्याचा संपूर्ण जीर्णोद्धार केला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ते लोकांसमोर आले. आज ते कारखान्यातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे दिसते.

दोन्ही तळी गोड्या आणि थंड पाण्याची होती, हे इथे महत्त्वाचे आहे. समुद्रातून निघालेल्या अॅल्युमिनियमच्या सूक्ष्म खड्ड्यांत क्लोराइड साचलेले असते आणि हवा लागताच धातू झपाट्याने खाल्ला जाऊ लागतो, म्हणून तिथे जतनालाच मोठी धावपळ करावी लागते. जून २०१३ मध्ये इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळून काढलेले डॉर्निअर १७ हे जर्मन बॉम्बफेकी विमान इंग्लंडमधल्याच कॉसफर्ड येथे बोगद्यासारख्या प्लॅस्टिकच्या मंडपांत ठेवून त्यावर सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे लिंबात असते त्याच आम्लाच्या, सौम्य द्रावणाचे फवारे मारले गेले, ते या क्षारांना बाहेर काढण्यासाठी. हे निखळ जतन होय. ते विमान नवे दिसावे असा हेतू त्यात कुठेही नव्हता.

स्वयंसेवकाच्या हातून नेमके काय होते, ते जवळून पाहिले की दोन्हींचा फरक अधिक कळतो. जीर्णोद्धारात बाहेरचा एक खराब पत्रा बदलायचा असेल तर आधी प्रत्येक रिव्हेटचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीचे, डोके ड्रिलने उडवतात, दांडा ठोकून बाहेर काढतात आणि जुना पत्रा अलगद सोडवतात. तो कितीही कुजला असला तरी लगेच फेकत नाहीत, कारण नव्या पत्र्यावरची भोके त्याच्यावरूनच आखायची असतात. मग नवा पत्रा तात्पुरत्या पिनांनी फ्रेमवर बसवतात. एक जण बाहेरून हवेवर चालणारी रिव्हेट गन धरतो आणि दुसरा धडाच्या आत वाकून रिव्हेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा लावून उभा राहतो. आतल्या माणसाला बाहेरचा दिसत नाही, त्यामुळे ठोक्यांच्या खुणा ठरलेल्या असतात. रिव्हेट तिरके बसले तर ते पुन्हा उडवायचे, आणि प्रत्येक वेळी भोक किंचित मोठे होते.

जतनाच्या कामात यातले जवळजवळ काहीच करायचे नसते, आणि नेमके तेच अवघड जाते. चिखल मऊ ब्रशने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचा, धातूची पट्टी वापरायची नाही. सुटलेला रंगाचा पापुद्रा खरवडायचा नाही, तो जागच्या जागी चिकटवून ठेवायचा. कुठे काय लावले याची छायाचित्रांसह नोंद ठेवायची. ज्याने उभी हयात यंत्रे दुरुस्त करण्यात घालवली आहे अशा निवृत्त फिटरला वाकलेला पत्रा समोर असताना तो सरळ करू नका असे सांगणे म्हणजे सुगरणीला चुलीपाशी बसवून हात लावू नका म्हणण्यासारखे आहे. माझ्या मते चांगल्या संग्रहालयाची पारख इथे होते. रंगाचे थर घासून उघडा पत्रा चकचकीत केला की त्या थरांत नोंदला गेलेला इतिहास, म्हणजे कोणत्या तळावर कोणते चिन्ह रंगवले आणि कशावर काय झाकले, हे सगळे एका दुपारीत भुकटी होऊन जमिनीवर पडते.

चांगल्या हेतूने केलेला उपायही उलटतो, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजामाच्या राजवटीत १९२० नंतर इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी दिलेला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वार्निशचा, थर पुढे काळवंडला आणि तो काढणे हेच नंतरच्या पिढ्यांचे काम होऊन बसले. जे लावले ते पुढे काढता आले पाहिजे, हा आजच्या जतनाचा पहिला नियम अशाच अनुभवांतून आला आहे.

तिसरे हॅलिफॅक्स या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाही, आणि सर्वाधिक घोटाळा त्याच्याविषयीच होतो. ते इंग्लंडमधील यॉर्कजवळच्या एल्व्हिंग्टन येथे आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरात असलेला एचआर ७९२ या विमानाच्या धडाचा एक भाग, हेस्टिंग्ज या वाहतूक विमानाचे पंख, फ्रान्समधून मिळालेली हर्क्युलीस इंजिने आणि नव्याने घडवलेले बरेच भाग जोडून स्वयंसेवकांनी ते उभे केले. शुक्रवार, १३ सप्टेंबर १९९६ या दिवशी ते हँगरबाहेर काढले गेले. तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण त्याला दिलेले ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हे नाव १२८ मोहिमा करून सुखरूप परतलेल्या आणि नंतर भंगारात गेलेल्या दुसऱ्याच हॅलिफॅक्सचे आहे. याला पुनर्रचना म्हणावे. ती कमी दर्जाची असते असे नव्हे; पण जीर्णोद्धारात एका विशिष्ट विमानाचे सातत्य असते, आणि इथे वेगवेगळ्या विमानांचे अवयव एका तिसऱ्या विमानाचे नाव धारण करून उभे आहेत. फलकावर तसे लिहिलेले असेल तर त्यात फसवणूक नाही.

नाव एकाचे आणि देह दुसऱ्याचा, हा प्रकार भारतीय हवाई दलाच्या ‘परशुराम’ या डाकोटा विमानातही आहे. ब्रिटनमध्ये जीर्णोद्धार होऊन २०१८ मध्ये भारतात आलेल्या या विमानावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैनिक घेऊन गेलेल्या डाकोटाच्या स्मरणार्थ आहे, तो या विमानाचा मूळ क्रमांक नव्हे. शिवाय ते उडते, आणि उडत्या विमानाचा हिशेब आणखी कडक असतो. नुसत्या प्रदर्शनासाठी उभ्या असलेल्या विमानात चिरलेली पण मूळ फ्रेम ठेवता येते. उडवायचे असेल तर ती बदलावीच लागते. म्हणून आकाशात सर्वांत जिवंत वाटणाऱ्या जुन्या विमानात मूळ धातू पुष्कळदा सर्वांत कमी असतो.

गोव्यातल्या नौदलाच्या विमानसंग्रहालयात उघड्यावर उभे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन, जे एअर इंडियाकडून हवाई दलामार्गे नौदलात आले, त्याला खाऱ्या वाऱ्यात वेळोवेळी धुणे आणि रंग देणे आवश्यकच आहे. पण त्याला देखभाल म्हणतात, ना जतन ना जीर्णोद्धार.

हेंडन आणि ट्रेंटन यांपैकी योग्य कोण, हा प्रश्न मात्र मला चुकीचा वाटतो. म्योसा तळ्यात पाच जणांचा अंत झाला होता, आणि ज्या देशातून हजारो तरुण हॅलिफॅक्समधून लढायला गेले त्या कॅनडाला त्यांच्यासाठी पूर्ण उभे असलेले विमान हवे होते. हेंडनला मात्र गोळ्यांनी विदीर्ण होऊन बर्फावर उतरलेल्या विमानाची ती एक रात्र जपायची होती. तिथल्या डब्ल्यू १०४८ च्या नाकाकडे नीट पाहिले तर पुढचा तोफेचा टरेट, म्हणजे फिरता मनोरा, बाकीच्या विमानाशी विसंगत, दुरुस्त केलेला दिसतो. ‘जसे आहे तसे’ हा निर्णय होण्याआधी तेवढे काम झाले होते, आणि ते तसेच राहू दिले आहे.