पॅच आला, पण लागला का?

जून 2017च्या अखेरीस मुंबईसमोरच्या न्हावा-शेवा बंदरात एका टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले आणि कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. हे टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं होतं. 27 जूनला युक्रेनमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या घातक सॉफ्टवेअरने या समूहाला जगभर तडाखा दिला होता. विंडोजच्या सुरक्षेतलं जे भोक त्याने वापरलं, ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. मे महिन्यात 'वॉनाक्राय' या तशाच सॉफ्टवेअरने त्याच भोकातून धुमाकूळ घातला, तरी अनेक ठिकाणी पॅच लावायचा राहिलाच.

मला यातली सर्वात गंभीर गोष्ट वेगळीच वाटते. नॉटपेट्याने पॅच लावलेले कॉम्प्युटरही पाडले. पॅच नसलेलं एक मशीन हाती लागलं, की तो त्याच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचे (सगळे अधिकार असलेल्या खात्याचे) पासवर्ड उचलायचा आणि तेच वापरून शेजारच्या मशीनमध्ये सरळ लॉगिन करायचा. त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णव मशीनना पॅच लावले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

मग एखादं मशीन राहतं कसं? दादर-परळच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला पीसी बघा. यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोज 7वरच चालतं, आणि विंडोज 7चा नियमित सपोर्ट (म्हणजे नवे पॅच देणं) जानेवारी 2020मध्ये संपला. सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर असताना रीस्टार्ट कोण करणार? पण बऱ्याच पॅचमध्ये नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही. डिस्कवरची फाइल बदलते, मेमरीत मात्र जुनाच कोड चालू राहतो. रीस्टार्ट होईपर्यंत भोक उघडंच.

अपडेटबद्दलची लोकांची भीतीही खोटी नाही. नॉटपेट्या मुळात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत आला होता. 19 जुलै 2024ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पडली, मुंबई विमानतळावरही चेक-इन रखडलं.

म्हणून अपडेट आधी मोजक्या मशीनवर लावून बघायचे, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे, आणि रीस्टार्टनंतर प्रत्येक मशीनचं व्हर्जन तपासायचं. त्यासाठी ऑफिसात मशीन किती आहेत याची खरी यादी हवी. तीच बहुतेक ठिकाणी नसते. लॅबमधल्या त्या पीसीला पॅच मिळणारच नसेल, तर त्याचं इंटरनेट काढा, त्याला बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा आणि त्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड कधीही टाकू नका.