डेलॉसची युती अथेन्सचं साम्राज्य कशी झाली

इ.स.पू. ४७९मध्ये प्लॅटिया आणि मिकॅली इथे मार खाऊन इराणी फौजा मागे हटल्या, तरी एजियन समुद्रातल्या बेटांच्या मनातली धास्ती गेली नव्हती. स्पार्टाचा सेनापती पॉसेनियस याच्या मगरुरीला सगळे कंटाळले होते. त्यामुळे पुढारपण अथेन्सकडे आलं आणि पुढच्याच वर्षी डेलॉस बेटावर युती झाली. लोखंडाचे गोळे समुद्रात टाकून शपथा घेतल्या गेल्या. कोणी जहाजं द्यायची आणि कोणी पैसे, हे अथेन्सच्या अ‍ॅरिस्टायडीसने ठरवलं. वर्षाची वर्गणी होती ४६० टॅलंट (टॅलंट म्हणजे चांदी मोजायचं मोठं वजन). खजिना डेलॉसवर, खजिनदार मात्र पहिल्यापासून अथेन्सचे.

खरी गोम या वर्गणीत होती. दरवर्षी घरदार सोडून वल्ही मारायला जाण्यापेक्षा पैसे देऊन मोकळं होणं अनेक नगरांना सोयीचं वाटलं. त्या पैशांतून अथेन्सचं आरमार वाढत गेलं आणि पैसे देणाऱ्यांकडे लढायला ना जहाजं उरली, ना सराव. याचा दोष ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस त्या नगरांनाच देतो. मला तो निवाडा फार कठोर वाटतो, कारण बाहेर पडायची मुभा कोणालाच नव्हती. नॅक्सॉस बेटाने प्रयत्न केला, त्याला वेढा पडला. ४६५मध्ये सोन्याच्या खाणीवरून थॅसॉस बेट फुटलं. तिसऱ्या वर्षी शरण आल्यावर त्याला तटबंदी पाडावी लागली, जहाजं द्यावी लागली आणि खाणही सोडावी लागली.

इजिप्तच्या मोहिमेत अथेन्सचं मोठं आरमार बुडाल्यावर, ४५४च्या सुमारास, खजिना अथेन्सला हलवला गेला. तेव्हापासून प्रत्येक नगराच्या रकमेचा साठावा हिस्सा अथीना देवीला जाई आणि त्याची नोंद संगमरवरावर कोरली जाई. त्या शिळांचे तुकडे आजही वाचता येतात: नगराचं नाव, पुढे आकडा.

४२७मध्ये युतीतल्या मिटिलिनी नगराचं बंड मोडल्यावर तिथल्या सगळ्या पुरुषांना ठार मारायचा ठराव अथेन्सच्या सभेने केला. दुसऱ्या दिवशी तो थोडक्या मतांनी फिरवला आणि नवा हुकूम घेऊन मागाहून सुटलेलं जहाज ऐनवेळी पोचलं. ४१६मध्ये मेलॉस बेटाच्या वाट्याला असं जहाज आलं नाही; तिथले पुरुष मारले गेले.

४०४मध्ये अथेन्स स्पार्टाला शरण गेलं आणि हे साम्राज्य संपलं. ३७७मध्ये नव्या युतीसाठी नगरांना बोलावताना अथेन्सने दगडावर हमी कोरली: खंडणी नाही, शिबंदी नाही, आमचा अधिकारी नाही आणि तुमच्या मुलखात आमची जमीन नाही.