आरोग्य केंद्राचा पैसा गावात किती राहतो? एक पार्श्वभूमी

प्राथमिक आरोग्य केंद्राचा विषय निघाला की डॉक्टर हजर होते का आणि सर्पदंशाची लस होती का, एवढ्यावरच बोलणे संपते. गावच्या बाजारपेठेशी या केंद्राचा काय संबंध, हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. वास्तविक तीस हजार लोकवस्तीच्या केंद्राखाली साधारण सहा उपकेंद्रे, दोन वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माता, आरोग्य सहायक, सेविका, सेवक, परिचर आणि वीसच्या आसपास आशा (गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका) असतात. जिथे साखर कारखाना नाही, सूतगिरणी नाही, तिथे शाळा सोडल्या तर दर महिन्याला इतका नियमित पैसा आणणारी दुसरी संस्था नसते. हा पैसा गावाच्या नावाने निघतो. तो गावातच खर्च होतो की तालुक्याला जातो, हे मात्र तीन-चार जुन्या निर्णयांनी ठरवून ठेवले आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने चाळीस हजार लोकांमागे एका केंद्राची कल्पना मांडली. २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमात ती विकास गटाला जोडली गेली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्रे त्यांच्याकडे गेली. पुढे उभी राहिलेली ग्रामीण रुग्णालये मात्र राज्याकडेच राहिली. या वाटणीचा परिणाम आजही दिसतो. केंद्राचा स्लॅब गळू लागला तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जावे लागते आणि तिथे रस्ते, शाळाखोल्या, अंगणवाड्या यांच्यामागे आरोग्याचा नंबर लागतो.

१९७७ मध्ये गावातल्याच माणसाला तीन महिने शिकवून आरोग्य कार्यकर्ता करण्याची योजना आली. महिन्याला ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे. १९८० मध्ये त्या कार्यकर्त्याचा ‘स्वयंसेवक’ झाला आणि १९८१ मध्ये ‘मार्गदर्शक’. उद्या कुणी सरकारी नोकरीचा हक्क सांगू नये, ही धास्ती त्यामागे होती. योजना विरून गेली, पण गावातल्या माणसाच्या श्रमाला पगार न म्हणण्याची रीत तशीच राहिली. जामखेडमध्ये १९७० पासून आणि गडचिरोलीत नव्वदच्या दशकात गावातल्या कमी शिकलेल्या बायांनी बाळंतपण, नवजात बाळाची काळजी, न्यूमोनियाची ओळख ही कामे करून दाखवली होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, तेव्हा हा अनुभव घेतला गेला. मोबदल्याला पगार न म्हणण्याचा साचा मात्र १९७७ चाच राहिला.

१९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंतर सपाट भागात तीस हजारांना केंद्र व पाच हजारांना उपकेंद्र, आदिवासी-डोंगरी भागात वीस हजार व तीन हजार, हे निकष पक्के झाले आणि इमारतींचा सपाटा सुरू झाला. जागा बहुधा गायरानातली किंवा कुणी दान दिलेली, म्हणजे गावाबाहेर, एसटी थांब्यापासून लांब. त्यामुळे केंद्रासमोर चहाची टपरी आणि एखादे मेडिकल यापलीकडे बाजार वाढला नाही. इमारतीसोबत निवासस्थानेही बांधली गेली. सगळ्यात लांबलेला वाद तिथूनच सुरू होतो.

हा वाद मुख्यालयी राहण्याचा. कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावात राहावे, ही अट जुनीच आहे. घरभाडे भत्ता तिला बांधलेला आहे. सातव्या वेतन आयोगात खेड्यासाठी हा भत्ता सुरुवातीला मूळ वेतनाच्या ८ टक्के होता. म्हणजे २५,५०० मूळ वेतनाच्या आरोग्य सेविकेला २,०४० रुपये आणि ५६,१०० च्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ४,४८८ रुपये. सरकारी खोलीत राहिले तर हा भत्ता मिळत नाही. तालुक्याला राहून रोज ये-जा केली आणि मुख्यालयी राहत असल्याचा दाखला जोडला तर मिळतो. म्हणजे नियम पाळून उपकेंद्राच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या सेविकेच्या पगारातून पैसे जातात, आणि न राहणाऱ्याला ते मिळतात. अट मोडली जाण्याचे एक मूळ इथे आहे, आणि ते कर्मचाऱ्यांच्या आळशीपणात शोधणे अन्यायाचे आहे.

दुसरे मूळ खोलीच्या अवस्थेत आहे. एक खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी. छताचे प्लास्टर पडून सळया उघड्या पडतात. मार्चनंतर बोअर आटतो. वीजबिल थकले की आधी क्वार्टरचा मीटर निघतो. अशी इमारत पाडायची तर आधी निर्लेखन करावे लागते, म्हणजे ती सरकारी नोंदीतून वगळावी लागते: शाखा अभियंत्याची पाहणी, उपअभियंत्याची शिफारस, कार्यकारी अभियंत्याचा दाखला, जिल्हा परिषदेची मान्यता आणि मग मलब्याचा लिलाव. एखादी सही अडली की फाइल वर्षानुवर्षे पडून राहते. तोवर नोंदवहीत ते निवासस्थान ‘उपलब्ध’ असते. राहता येत नाही असे घर उपलब्ध धरून सेविकेचा घरभाडे भत्ता कापल्याची प्रकरणे अनेक जिल्ह्यांत झाली आहेत.

सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रामविकासाच्या शासन निर्णयाने शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. हेतू समजण्यासारखा होता. सरपंचाच्या एका सहीपेक्षा अख्ख्या गावाचे म्हणणे खरे मानावे. पण ग्रामसभेत ठराव देणे-अडवणे हे गावकीच्या राजकारणात ओढले गेले. जी सेविका सरपंचाच्या गटातल्या घरी आधी जाते तिचा ठराव होतो, दुसरीचा राहतो. ऑगस्ट २०२२ मध्ये शिक्षकांच्या निमित्ताने हाच मुद्दा विधानसभेत गाजला. त्यात आरोग्याचा निराळा विचार झाला नाही, आणि तो व्हायला हवा होता. शिक्षक संध्याकाळी तालुक्याला गेला तर शाळा दुसऱ्या दिवशी भरते. सेविका नसली तर रात्री अकराला कळा सुरू झालेल्या बाईला जीप करून तीस किलोमीटर न्यावे लागते.

गावाच्या हिशेबात हा फरक दुहेरी आहे. सेविका गावात राहिली तर तिचा किराणा, दूध, गॅस, भाजी गावात घेतली जाते, मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली तर पटसंख्या टिकते. शिवाय बाळंतपण उपकेंद्रातच झाले की जीपचे भाडे, खासगी दवाखान्याचे बिल आणि सोबत गेलेल्यांची मजुरी वाचते. २०१४ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चासाठी सुमारे २५ टक्के प्रसंगी उसनवारी किंवा कर्ज काढावे लागल्याचे दिसले होते. हे कर्ज अनेकदा पेरणीच्या पैशातून फिटते.

२००५ नंतर गावपातळीवर थोडा मोकळा पैसा आला. केंद्राला रुग्ण कल्याण समितीचे १ लाख, देखभालीचे ५० हजार आणि अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेले, २५ हजार. पुढे तिन्ही मिळून १ लाख ७५ हजारांचा एकच अबंधित निधी झाला. उपकेंद्राला २० हजार आणि गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला १० हजार. रकमा लहान, पण त्या गावातच खर्च व्हायच्या. मोटर वाइंडिंग, नळजोडणी, रंगकाम, टँकर, उन्हाळ्यात पत्र्याची सावली. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस मोफत आहार आला. सुरुवातीच्या १०० रुपये रोजाने धरले तर महिन्याला वीस बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात सहा हजारांचे काम होते, आणि ते अनेक ठिकाणी महिला बचत गटांनी घेतले. बिघडले दोन कारणांनी. बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जाते, त्यामुळे ताटे किती लागतील याचा अंदाज राहत नाही. आणि बिल तीन-चार महिने अडकले की किराणा उधारीवर घेणारा गट तग धरत नाही. मग ते काम तालुक्याच्या खाणावळवाल्याकडे जाते, कारण थांबण्याइतके भांडवल त्याच्याकडे असते.

जुलै २०२१ पासून प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेचा पैसा राज्यातल्या एकाच खात्यात ठेवून खालच्या कार्यालयांना फक्त खर्चमर्यादा देण्याची पद्धत आली. पडून राहिलेला निधी दिसू लागला, हा तिचा खरा फायदा. पण पूर्वी समिती गावातल्या सुताराला धनादेश देत असे. आता त्याचे नाव संगणकप्रणालीत पुरवठादार म्हणून चढवावे लागते, बँक खाते व कागदपत्रे जुळावी लागतात, आणि मार्च महिन्यात मर्यादा संपली की बिल पुढच्या वर्षात ढकलले जाते. अशा वेळी आरोग्य केंद्राचा लिपिक आधीच नोंद असलेल्या तालुक्याच्या दुकानदाराकडे वळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत झाले. रुग्णासाठी निर्णय उत्तमच. मात्र रुग्ण कल्याण समितीच्या हातचे स्वतःचे किरकोळ उत्पन्न त्यासोबत गेले.

या सगळ्यात गावातच राहणारा पैसा म्हणजे आशांचा. आशा त्या गावची सून किंवा लेक असते, तिला मुख्यालयाची अट लावावीच लागत नाही. तिचे काम तुकड्यातुकड्याने मोजले जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची धरून सात, आणि सगळ्या झाल्या तरच २५० रुपये. दावा-अर्जावर सेविकेची पडताळणी, आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाची छाननी, वैद्यकीय अधिकाऱ्याची सही, मग तालुक्याला नोंद. माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदणी क्रमांक राहिला तर दावा परत येतो. २०२० च्या बँक विलीनीकरणानंतर शाखांचे संकेतांक बदलले, तेव्हा कित्येकींचे पैसे परत गेले आणि ते पुन्हा मिळवायला महिने लागले. केंद्र सरकारचा व राज्याचा हिस्सा वेगवेगळ्या वेळी जमा होतो, त्यामुळे कोणत्या महिन्याचे काय आले हे पासबुकावरून कळत नाही.

२०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवरच्या या स्त्रियांना कामगार मानण्याची शिफारस केली. ती अजून अमलात आलेली नाही. महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांवर आशांनी २०२३ च्या अखेरीस संप केला, २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानात ठाण मांडले, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याच्या हिश्शात पाच हजारांची वाढ मिळून तो महिन्याला दहा हजार झाला. वीस आशांच्या केंद्रात हे दरमहा दोन लाख होतात. त्यातला बहुतेक पैसा गावच्या दुकानात, मुलांच्या फीमध्ये आणि बचत गटाच्या हप्त्यात जातो. २०२५ मध्ये केंद्र सरकारने ठरावीक मोबदला दोन हजारांवरून साडेतीन हजार केला. मोबदला म्हणूनच, पगार म्हणून नाही.

उपचारापायी बुडणाऱ्या मजुरीचा हिशेब सरकार फार थोड्या ठिकाणी करते. मेळघाट, नंदुरबारसारख्या भागात कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवायचे तर आईला बुडीत मजुरी मिळते, कारण ती नसेल तर आई चौथ्या दिवशी मूल घेऊन घरी जाते, हे अनुभवाने कळले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला अशी भरपाई नाही. दर महिन्याला गोळ्यांसाठी तालुक्याला जायचे, सोबत एक माणूस, तर २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजगार हमी दराने वर्षाला ७,४८८ रुपयांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे.

२०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि या गोळ्या गावात मिळू लागल्या. पण साठा संपला की रुग्ण पुन्हा तालुक्याच्या मेडिकलकडे वळतो. एकदा मोडलेली सवय परत लागायला वेळ जातो, म्हणून मागणीपत्रक साठा संपण्याच्या बरेच आधी पाठवावे लागते. हे अधिकारी कंत्राटी आहेत, महिना २५ हजार आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत. त्यांनीही मुख्यालयी राहावे, अशी अपेक्षा आहे. बहुतेक जुन्या उपकेंद्रांत राहण्याची जागा एकाच कुटुंबापुरती आहे, आणि ती सेविकेच्या नावावर आहे.