थकीत अपत्य-पोटगीची करपरताव्यातून वसुली (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलांच्या पोटगीचे हप्ते थकवणाऱ्या पालकाला केंद्र सरकारकडून मिळावयाचा प्राप्तिकराचा परतावा त्याच्या हाती न देता थकबाकीपोटी वळता करून घेण्याची पद्धत. थकबाकीदार बहुधा बाप असतो; कायद्याची भाषा मात्र लिंगनिरपेक्ष आहे. थकबाकीदाराने पुन्हा लग्न करून नव्या जोडीदारासह संयुक्त विवरणपत्र भरले, की परताव्यात दोघांचाही पैसा येतो आणि देणे मात्र एकाचेच राहते. पद्धतीतील बहुतेक गुंतागुंत येथूनच सुरू होते.

मराठीत ‘पोटगी’ म्हटले की आधी पत्नीचा निर्वाहखर्च डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन कायद्यात मुलांची रक्कम आणि जोडीदाराची रक्कम या वेगळ्या संज्ञा असल्याने येथे ‘अपत्य-पोटगी’ असा शब्द योजला आहे. ‘वळती’ हा शब्द बँका आणि पतसंस्थांच्या व्यवहारातला. या प्रकाराला काही जण ‘जप्ती’ म्हणतात. ते तितकेसे बरोबर नाही. जप्तीत माणसाच्या ताब्यातली वस्तू काढून घेतली जाते, येथे पैसा ताब्यात येण्याआधीच त्याची वाट बदललेली असते.

उगम : या पद्धतीचा आरंभ १९७५ चा मानावा की १९८१ चा, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. ४ जानेवारी १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची सही झालेल्या कायद्याने सामाजिक सुरक्षा कायद्यात ‘चार-ड’ हा भाग घातला आणि पोटगीवसुलीची केंद्र-राज्य यंत्रणा उभी केली. त्याच कायद्याने करसंहितेत कलम ६३०५ आले. त्यानुसार राज्याने प्रमाणित केलेली पोटगीची थकबाकी करखात्याने जणू कराचीच थकबाकी आहे अशा रीतीने वसूल करावयाची होती. पोटगीसाठी करखात्याचा हात वापरण्याची कल्पना अशा प्रकारे १९७५ मध्येच दिसते. परंतु त्या कलमात परताव्याचा स्वतंत्र विचार नव्हता. प्रकरणागणिक प्रमाणपत्र पाठवून पूर्ण वसुली करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. परताव्यांची यादीशी घाऊक पडताळणी करून रक्कम कापून घेण्याची पद्धत १३ ऑगस्ट १९८१ च्या अर्थसंकल्पीय समन्वय कायद्याने आली. सामाजिक सुरक्षा कायद्याचे कलम ४६४ आणि करसंहितेच्या कलम ६४०२ चे पोटकलम (क) ही त्याची दोन अंगे. आजची यंत्रणा या दोहोंवर उभी असल्याने १९८१ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुळातला हेतू मुलांपेक्षा तिजोरीचा होता. १९८१ ची तरतूद सरकारी साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांपुरतीच होती. अशा कुटुंबाने आपला पोटगीचा हक्क राज्याच्या नावे करून द्यावयाचा आणि राज्याने दिलेले साहाय्य बापाच्या परताव्यातून भरून काढावयाचे, असा तो व्यवहार. १९८४ च्या दुरुस्तीने साहाय्य न घेणाऱ्या कुटुंबांनाही ही सोय मिळाली. ती १९८५ अखेरीनंतर देय होणाऱ्या परताव्यांना लागू झाली. त्या कुटुंबांच्या बाबतीत मूल अज्ञान (अल्पवयीन) असण्याची अट बराच काळ टिकली. २००५ च्या तूटकपात कायद्याने (सही फेब्रुवारी २००६) ती काढली आणि १ ऑक्टोबर २००७ पासून सज्ञान झालेल्या मुलांच्या जुन्या थकबाकीसाठीही परतावा वळता होऊ लागला.

सोरेन्सन खटला : पद्धत सुरू होताच वाद उभा राहिला तो अर्जित-उत्पन्न सवलतीवरून. १९७५ मध्येच आलेली ही सवलत अल्प उत्पन्नाच्या कष्टकरी कुटुंबांसाठी आहे. करापेक्षा सवलत जास्त झाली तर फरक रोख मिळतो. म्हणजे कापलाच न गेलेला कर ‘परत’ मिळतो. मग हा परतावा म्हणावयाचा की साहाय्य? दुसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयांचा विभाग) अपील न्यायालयाने (नेल्सन विरुद्ध रेगन, १९८४) आणि दहाव्या सर्किटने (रकर, १९८४) ही रक्कम वळती करता येत नाही असे ठरवले. नवव्या सर्किटने उलट निर्णय दिला. तो खटला वॉशिंग्टन राज्यातला होता : थकबाकी नवऱ्याच्या आधीच्या अपत्याची, विवरणपत्र संयुक्त, आणि दाद मागणारी त्याची नवी पत्नी. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल १९८६ रोजी सोरेन्सन विरुद्ध ट्रेझरी (अर्थखाते) सचिव या निकालात नवव्या सर्किटची बाजू उचलून धरली. न्या. ब्लॅकमन यांच्या बहुमताच्या निकालपत्राचा आधार शब्दशः होता : करसंहितेचे कलम ६४०१ करापेक्षा जास्त ठरलेल्या सवलतीला ‘जादा भरणा’ म्हणते, कलम ६४०२ जादा भरणा वळता करण्यास सांगते, तेव्हा प्रश्न उरत नाही. न्या. स्टीव्हन्स एकटे विरुद्ध गेले. शब्दार्थाने निकाल बिनतोड आहे. सवलतीचा हेतू पाहिला तर स्टीव्हन्स यांचे असमाधान समजण्यासारखे आहे. पुढे काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायदा बदलला नाही, त्यामुळे प्रश्न मिटल्यातच जमा आहे.

कार्यपद्धती : साहाय्यप्राप्त कुटुंबाची थकबाकी किमान १५० डॉलर आणि इतरांची किमान ५०० डॉलर असली की राज्य थकबाकीदाराचे नाव, सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि रक्कम केंद्राकडे पाठवते. वळती करण्याचे काम प्रथम करखातेच करी. १९९९ पासून ते ट्रेझरीच्या वळती-कार्यक्रमात विलीन झाले असून सध्या फिस्कल सर्व्हिस हा विभाग ते पाहतो. थकीत कर आधी कापला जातो. त्यानंतर इतर सर्व देण्यांच्या आधी पोटगीचा क्रम लागतो. परतावा पुढच्या वर्षाच्या कराकडे वळवण्याची विनंती केली तरी सुटका नाही, पोटगी त्याही आधी जाते. नोटीस मिळते. पण थकबाकीचा आकडा चुकीचा आहे असे म्हणणे असेल तर दाद राज्याकडेच मागावी लागते, करखाते त्यात पडत नाही. हप्ता कमी करून घेण्यासाठी वेळीच न्यायालयात न गेलेल्यांची येथे अडचण होते, कारण १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीनुसार देय झालेला प्रत्येक हप्ता आपोआप न्यायनिर्णयासारखा ठरतो आणि मागील तारखेपासून घटवता येत नाही.

हा मार्ग पगारदारांनाच खऱ्या अर्थाने लागू पडतो. वर्षभर पगारातून कर जास्त कापला गेला तरच परतावा निर्माण होतो. स्वतःचा धंदा असणाऱ्याला बहुधा परतावाच नसतो.

संयुक्त परताव्याची विभागणी : संयुक्त विवरणपत्रावर सही करणारे पती-पत्नी कराच्या देण्याला एकत्रितपणे आणि प्रत्येकी पूर्णपणे जबाबदार असतात. यावरून परतावाही सामाईक असावा असा समज होतो, तो चुकीचा आहे. करखात्याने १९७४ पासून अधिकृत निर्णयांत अशी भूमिका घेतली आहे, की परताव्यावर ज्याचा त्याचा हक्क ज्याच्या त्याच्या भरण्यापुरता असतो. देणे सामाईक, येणे मात्र वेगवेगळे. या विषमतेवरच थकबाकीदाराच्या जोडीदाराची सोडवणूक अवलंबून आहे. अशा जोडीदाराला ‘इंजर्ड स्पाउस’, म्हणजे बाधित जोडीदार, म्हणतात. ‘निर्दोष जोडीदार’ ही संज्ञा वेगळी : विवरणपत्रात दुसऱ्याने केलेल्या लबाडीमुळे अंगावर आलेल्या करातून सुटू पाहणारा तो. दोहोंचे अर्ज वेगळे (अनुक्रमे ८३७९ आणि ८८५७) असूनही गफलत नेहमी होते.

विभागणीची रीत अशी : दोघांनी विवाहित पण स्वतंत्र विवरणपत्रे भरली असती तर प्रत्येकाचा कर किती झाला असता ते काढावयाचे, त्या प्रमाणात संयुक्त कर वाटावयाचा आणि प्रत्येकाच्या भरण्यातून त्याचा वाटा वजा करावयाचा. समजा संयुक्त कर ४,००० डॉलर आहे. नवऱ्याच्या पगारातून ३,६०० आणि बायकोच्या पगारातून ३,००० कापले गेले; परतावा २,६०० झाला. स्वतंत्र हिशेबात नवऱ्याचा कर २,७०० आणि बायकोचा १,८०० आला असता, म्हणजे प्रमाण ६० आणि ४० टक्के. मग ४,००० पैकी बायकोच्या वाट्याला १,६०० येतात आणि ३,००० मधून ते वजा जाता तिचा परतावा १,४०० डॉलर ठरतो. उरलेले १,२०० तेवढे पोटगीकडे जातात. जिची कमाई नाही, कर कापलेला नाही आणि स्वतःच्या नावे सवलतही नाही, तिला या रीतीने काही मिळत नाही.

अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेव्हाडा, न्यू मेक्सिको, टेक्सास, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या नऊ राज्यांत ही रीत चालत नाही. तेथे विवाहानंतरची कमाई सामाईक मालमत्ता मानली जाते, त्यामुळे विभागणी राज्याच्या कायद्याप्रमाणे, साधारणतः निम्मी-निम्मी, होते. अर्जित-उत्पन्न सवलत मात्र प्रत्येकाच्या कमाईनुसार वाटली जाते. एका जोडीदाराच्या लग्नाआधीच्या देण्यासाठी सामाईक मालमत्तेला किती हात लावता येतो, याचे नियम राज्यागणिक बदलतात. करखात्याने २००४ मध्ये त्यासाठी वेगवेगळ्या राज्यगटांकरिता चार स्वतंत्र निर्णय काढले. मराठी वाचकाला ही कल्पना गोव्यामुळे परकी वाटू नये. तेथील पोर्तुगीज नागरी संहितेतही पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि भारताच्या प्राप्तिकर कायद्यानुसार, पगार वगळता, त्यांचे उत्पन्न दोघांत समान वाटून कर आकारला जातो.

अर्ज ८३७९ विवरणपत्रासोबत किंवा नंतर स्वतंत्रपणे देता येतो, आणि थकबाकी असेपर्यंत दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. करखात्याच्या सूचनांनुसार कागदी विवरणपत्रासोबत दिल्यास सुमारे १४ आठवडे, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ११ आणि विवरणपत्र निकाली निघाल्यावर एकटा दिल्यास ८ आठवडे लागतात. दरम्यान पैसे राज्याकडे गेलेले असू शकतात. म्हणून साहाय्य न घेणाऱ्या कुटुंबाच्या प्रकरणात संयुक्त परताव्यातून आलेली रक्कम जास्तीत जास्त सहा महिने राखून ठेवण्याची मुभा कायद्याने राज्याला दिली आहे. वाट पाहणारी मुलाची आई आणि हिस्सा मागणारी नवी पत्नी, दोघींच्याही दृष्टीने हा काळ लांबच. वेगळे विवरणपत्र भरून हा खटाटोप टाळता येतो. पण मग बहुतेकांची अर्जित-उत्पन्न सवलत बुडते.

वसूल झालेली रक्कम मुलापर्यंत पोचतेच असे नाही. कुटुंबाने पूर्वी साहाय्य घेतले असेल तर इतर मार्गांनी आलेली थकबाकी आधी कुटुंबाला द्यावी, असा दंडक १९९६ च्या सुधारणांनी घातला. परताव्यातून आलेली रक्कम त्याला अपवाद ठेवून आधी राज्याच्या देण्याकडे लावली गेली. २००५ च्या कायद्याने हा अपवाद सोडण्याची मोकळीक राज्यांना दिली. १९८१ चा तिजोरीकेंद्री हेतू या एका कोपऱ्यात अजून शिल्लक आहे.

मार्च २०२० च्या कोविड साहाय्यात प्रत्येकी १,२०० डॉलरची रक्कम इतर सर्व वळत्यांपासून सुरक्षित होती. अपवाद फक्त पोटगीचा. त्यात अनेक बाधित जोडीदारांचाही हिस्सा कापला गेला आणि सुमारे ५०,००० जणांना करखात्याने तो नंतर पाठवला. पुढील दोन हप्त्यांना पोटगीसाठी हात लावला गेला नाही.

भारतात याला समांतर व्यवस्था नाही. येथे पती-पत्नींना संयुक्त विवरणपत्र भरता येत नाही आणि परतावा करांच्याच देण्यापोटी वळता होतो. मुलांच्या पोटगीची आंतरराष्ट्रीय वसुली करणारा २००७ चा हेग करार अमेरिकेत १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. भारत त्याचा पक्ष नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कुटुंब न्यायालयाचा हुकूम हाती असलेल्या आईला अमेरिकेतील थकबाकीदाराच्या परताव्यापर्यंत पोचायचे, तर तो हुकूम आधी तेथील राज्यात मान्य करून घ्यावा लागतो आणि प्रकरण त्या राज्याच्या पोटगी-यंत्रणेत दाखल व्हावे लागते.