पर्जन्यमान आणि धान्यपिके (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात भात, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि गहू ही मुख्य तृणधान्ये. पाऊस जास्त तिथे भात, मध्यम तिथे ज्वारी आणि कमी तिथे बाजरी, अशी त्यांची विभागणी सर्वसाधारणपणे सांगितली जाते. ढोबळमानाने ती बरोबर आहे. पण सोलापूरची शाळूची (रब्बी ज्वारीची) शेती किंवा भंडाऱ्याचे तलाव या विभागणीने उलगडत नाहीत. वर्षाकाठी किती पाऊस पडला एवढ्यावर पीक ठरत नाही. तो कोणत्या नक्षत्रात पडला, मध्ये किती दिवस ओढ दिली आणि जमिनीने ओल किती दिवस धरून ठेवली, हे पिकाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे.

राज्यातील पावसाची वाटणी मुख्यतः सह्याद्री करतो. अरबी समुद्रावरून आलेले नैर्ऋत्य मोसमी वारे घाट चढताना बहुतेक पाणी पश्चिम उतारावर आणि माथ्यावर टाकतात. महाबळेश्वरला वर्षात साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पसरणीचा घाट उतरून वाईला आले की हे प्रमाण हजाराच्या आत येते. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात ते पाचशेच्या आसपास असते. एकाच जिल्ह्यात पश्चिमेच्या खोऱ्यांत भाताची खाचरे आणि पूर्वेच्या माळांवर बाजरी दिसते ती यामुळे.

कोकणात अडीच ते साडेतीन हजार मिमी पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय जांभ्या खडकापासून बनलेल्या जमिनीत पाणी थांबत नाही, झिरपून जाते. म्हणून चिखलणी करावी लागते. पाणी भरलेल्या खाचरात नांगर फिरवून मातीचा लगदा केला की तळाची छिद्रे बुजतात आणि पाणी खाचरात उभे राहते. त्याआधी उन्हाळ्यात पालापाचोळा, कवळं आणि शेण पसरून राब भाजलेला असतो. त्या जागेवर तरवा, म्हणजे भाताची रोपे, तयार होतो आणि तीन-साडेतीन आठवड्यांत लावणीला येतो. खाचराची उंची पाहून भाताची जात निवडतात. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत साधारण ११५ दिवसांच्या आत तयार होणारे हळवे भात, त्याखाली निमगरवे आणि सर्वांत खोलगट, पाणी धरणाऱ्या जागी १३५ दिवसांच्या पुढचे गरवे. पाऊस संपल्यावर कोणत्या खाचरात ओल किती दिवस टिकते, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब या तीन शब्दांत आहे. पाणी थांबतच नाही अशा वरकस उतारांवर नाचणी आणि वरी घेतात.

कोकण आणि गोव्याच्या खाडीकाठी पाऊस आणखी एक काम करतो. खाजण किंवा खार जमिनीत भरतीचे खारे पाणी शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात. गोव्यात बांधातील दारांना मानस म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन गेले की तिथे भात होतो. उरलेला थोडा खारटपणा गोव्यातील कोरगुटासारख्या जाती सहन करतात. घाटमाथ्याच्या पूर्वेला, मावळ-मुळशीच्या थंड खोऱ्यांत आंबेमोहोराचे क्षेत्र आहे.

पर्जन्यछायेचा प्रदेश सह्याद्रीच्या पूर्वेला सुरू होतो. धान्यशेतीची सर्वांत अवघड आणि सर्वांत शहाणी पद्धत इथे पाहायला मिळते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या पट्ट्यात पाऊस पाचशे ते आठशे मिमी, आणि तोही बेभरवशाचा. मृगात थोडा येतो, जुलै-ऑगस्टमध्ये ओढ देतो आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा जोर धरतो. सोलापूरचा सर्वाधिक पावसाचा महिना सप्टेंबर आहे. खरिपाचे पीक ऐन वाढीत असताना पावसाचा खंड पडणार हे इथे गृहीत धरावे लागते. म्हणून भारी काळ्या रानात सहसा खरीप घेत नाहीत. रान मोकळे ठेवून कुळवाच्या पाळ्या घालतात, तण मारतात आणि पाऊस जमिनीत मुरवतात. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला उपयोगी पडणारी दीडशे ते दोनशे मिमी ओल साठू शकते. या साठ्यावर, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, रब्बी ज्वारी म्हणजे शाळू पेरतात. त्यानंतर एकही सर आली नाही तरी पीक पदरात पडू शकते.

पेरणीची वेळ वापशावर ठरते. जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही, अशी स्थिती म्हणजे वापसा. तो ओळखायला उपकरण लागत नाही. शेतकरी चार बोटे खालची मूठभर माती घेऊन दाबतो आणि झालेला लाडू कमरेच्या उंचीवरून खाली सोडतो. लाडू फुटून विखुरला की वापसा आला. तसाच बसला तर आणखी दोन दिवस थांबायचे. मुठीत लाडू वळलाच नाही तर ओल उडाली. भारी काळ्या जमिनीत हा काळ थोडाच असतो. तेवढ्यात पाभर (बी पेरण्याचे अवजार) चालली पाहिजे, बी ओलीत खोल पडले पाहिजे. फार लवकर पेरले तर खोडमाशीने रोपांचे पोंगे (कोवळे शेंडे) मरतात. उशीर झाला तर दाणे भरताना जमीन कोरडी पडते.

पेरणीनंतर धोका भेगांचा. काळी माती सुकली की फाटते, भेगांतून ओल उडते आणि मुळ्या तुटतात. म्हणून कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती औताने हलवणे. ती तण काढतेच, पण तिचे मोठे काम वरच्या मातीचा भुसभुशीत थर करून भेगा बुजवण्याचे. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी सांगतात ते अनुभवाने. थंडी वाढेल तसा शाळू जोम धरतो, पौष-माघात हुरडा येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अनेक ठिकाणी ताटे मुळासकट उपटून काढणी होते. दाणा कोरड्या हवेत भरत असल्याने तो पांढरा आणि चमकदार होतो. खरीप ज्वारीचा दाणा पक्व होताना परतीचा पाऊस गाठतो, त्यावर बुरशी येते आणि तो काळा पडतो. भाकरीसाठी शाळूला जास्त भाव मिळतो यामागे हे हवामान आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आजही लोक मागून घेतात. तिचे कारण दाण्याइतकेच कडब्यातही आहे. दुष्काळी भागात जनावरे जगली तरच पुढच्या वर्षी शेती उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

याच पट्ट्यात हलक्या, मुरमाड जमिनींवर बाजरी असते. उथळ माती ओल साठवू शकत नाही. तिथे पाऊस सुरू असतानाच वाढून ऐंशी-नव्वद दिवसांत मोकळे होणारे पीक हवे, आणि बाजरी ती गरज भागवते. मात्र ऐन फुलोऱ्यात झड लागली तर परागकण धुऊन जातात आणि कणसांवर अरगट हा बुरशीचा रोग येतो.

पूर्व विदर्भातले चित्र वेगळे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग यांना बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही पाऊस मिळतो, तेराशे मिमीच्या आसपास. कोकणातला भात इथे धान होतो, तरव्याचे पऱ्हे होतात आणि लावणीची रोवणी. कोकणाच्या निम्म्याहून कमी पावसावर तेच पीक घ्यायचे, तर खंडाच्या दिवसांची सोय लागते. गोंड राजांच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी ती केली. आता त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. धान निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) पाऊस हटला तर तलावाचे एक पाणी पीक वाचवते. गाळाने भरलेले हे तलाव उपसणे हा माझ्या मते या भागातील धानाचा पहिला प्रश्न आहे. धान कापायच्या आधीच बांधीतल्या (खाचरातल्या) ओलीत लाखोळी हे कडधान्य फेकून पेरतात. ओलीचा थेंब वाया न घालवण्याची सोलापूरचीच रीत, वेगळ्या मातीत.

पश्चिम विदर्भ आणि मराठवाड्यात पूर्वी खरीप ज्वारीचे मोठे क्षेत्र होते. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीने तिचे उत्पादन वाढवले, पण पुढे कापूस आणि सोयाबीनने ती जागा घेतली. गव्हाला राज्यात पाण्यापेक्षा थंडी कमी पडते. फेब्रुवारीत ऊन तापले की दाणा चिमतो. म्हणून निफाडसारख्या थंड भागात तो चांगला येतो, आणि गव्हाचे संशोधन केंद्रही तिथेच आहे.

पाऊस चुकला की या सगळ्या रचनेची कसोटी लागते. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन उद्ध्वस्त झाली. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या मुलखातल्या लोकांनी रेशनवरची परदेशी मिलो (आयात केलेली ज्वारी) आणि सुकडी (मदत म्हणून वाटलेले पौष्टिक पीठ) खाऊन दिवस काढले. आज मृगाचा पहिला पाऊस फसवा निघून दुबार पेरणी करावी लागते, ही नेहमीची आपत्ती. त्यासाठी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो.

अलीकडे दुसऱ्या टोकाचा त्रासही जाणवतो. ऑक्टोबर २०१९ सारख्या लांबलेल्या पावसात कोकणातले कापलेले हळवे भात खाचरातच कोंब धरते आणि शाळूच्या रानात वापसाच येत नाही. पाभर गोठ्यात, बी पोत्यात. स्वाती निघून गेल्यावर रान वापशाला आले तर शेतकरी ज्वारी सोडून हरभरा पेरतो, आणि त्या वर्षी कडबा विकत आणतो.