रक्त दिसल्यानंतरचे दोन मिलिमीटर

"सिस्टर, सुई हातातच राहणार का?" सलाईन लावताना हा प्रश्न हमखास येतो. नाही राहत. आत राहते ती दोन-तीन सेंटिमीटरची मऊ प्लॅस्टिकची नळी. सुई तिला शिरेत पोचवते आणि बाहेर येते. वॉर्डात कुणी या नळीला कॅन्युला म्हणतं, कुणी इंट्राकॅथ.

पाकीट फोडण्याआधी रंग बघायचा. हिरवी 18 नंबरची, गुलाबी 20, निळी 22, पिवळी 24. नंबर वाढला की नळी बारीक! हे उलटं गणित तारेच्या कारखान्यातलं. तार भोकांतून ओढून बारीक करत. जितक्या जास्त वेळा ओढली, तितका नंबर मोठा. बरं, जाड-बारीकचा फरक दिसतो त्याहून फार मोठा असतो. प्वाझेच्या नियमाने नळीची त्रिज्या दुप्पट झाली की प्रवाह 16 पट होतो. म्हणून अपघातात रक्त भराभर द्यायचं तर हिरवी किंवा त्याहून जाड हवी. आजीबाईंच्या नाजूक शिरेला निळी पुरते. उगाच जाड घातली तर ती शिरेला आतून घासत राहते.

दंडाचा पट्टा कचकचून आवळायचा नसतो. शिरांतून परतणारं रक्त अडावं, पण धमनीतलं येत राहावं, इतकाच. मनगटाला नाडी लागली पाहिजे. थंडीने आणि भीतीनेही शीर आकसते, कारण तिच्या भिंतीत स्नायू असतात. अशा वेळी गरम फडक्याचा शेक द्यायचा, हात खाली सोडायला सांगायचा. शीर बोटाने शोधावी: दाबली की स्पंजासारखी उसळते. टणक दोरीसारखी लागली तर नाद सोडायचा. ठोके लागले तर ती धमनी, तिथे हात लावायचा नाही.

मग 70 टक्के अल्कोहोलने पुसायचं आणि सुकू द्यायचं. घाई इथेच होते. पुसल्यावर "जरा परत बघते" म्हणून बोट टेकवलं की सगळं पहिल्यापासून.

शीर पळते, म्हणून खालची कातडी अंगठ्याने ताणून धरायची. सुई तिरपी आत जाते आणि मागच्या छोट्या कुपीत लाल थेंब चमकतो. नवशिक्याला वाटतं, जमलं! पण सुईचं टोक नळीच्या थोडं पुढे असतं. रक्त आलं याचा अर्थ टोक आत गेलं; नळी कदाचित अजून भिंतीतच आहे. तेव्हाच ती ढकलली तर शीर फाटते आणि तिथे टेंगूळ येतं. म्हणून सुई जवळजवळ आडवी करून आणखी दोनेक मिलिमीटर पुढे न्यायची, मग सुई स्थिर धरून तिच्यावरून नुसती नळी सरकवायची. मागे घेतलेली सुई पुन्हा आत घालायची नाही, तिची धार प्लॅस्टिक कापू शकते आणि तो तुकडा रक्ताबरोबर वाहून जातो.

पट्टा सोडून, नळीचं टोक जिथे असेल तिथे शीर बोटाने दाबून सुई काढायची. तिला टोपण न लावता ती थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. दोनदा चुकलं तर तिसऱ्यांदा हट्ट न करता दुसऱ्या सिस्टरला हाक मारावी.

नातेवाईक मग बाटलीतले थेंब मोजत बसतात. नळी शिरेबाहेर सरकली तरी थेंब बराच वेळ पडत राहतात, फक्त पाणी मांसात साठतं. हात फुगतो, गार लागतो, ठणकतो. चादर बाजूला करून हात बघितल्याशिवाय ते कळत नाही.